रिकाम्या गोठ्याची पेंड

दुकानात पाय ठेवला आणि वासच आला नाही. मी पायरीवरच थबकले. नाक चोंदलंय की काय म्हणून जोरात श्वास ओढून पाहिला. आला तो प्लॅस्टिकच्या गोण्यांचा वास, नायलॉनच्या दाव्यांचा वास आणि गल्ल्यावरच्या उदबत्तीचा. पेंडीच्या दुकानात उदबत्तीचा वास? माझं डोकंच फिरलं. मंचरच्या त्या कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत, रिक्षावाल्याशी भांडत, उन्हात तापून मी आले होते ती एका वासासाठी, आणि इथं हे असं.

गल्ल्यावर नानाशेठचा मुलगा बसला होता, मुन्नाशेठ. लहानपणी याच दुकानात पोत्यांच्या थप्पीवरून घसरायचा आणि बापाच्या शिव्या खायचा. आता केस पांढरे झालेत, नाकावर चष्मा आलाय. त्यानं मला ओळखलं नाही.

"या ताई. काय देऊ? गोळी हाय, सरकी हाय, मका भरडा हाय. गाय किती लिटरची हाय तुमची?"

"भुईमुगाची पेंड दे," मी म्हणाले. "पयली मिळायची बघ, ताटाएवढी चकती. हातोडीनं फोडायची ती."

तो हसला. "ती आता कुठली ताई? लोकं गोळीच नेत्यात. समदं त्यातच असतंय, प्रोटीन बिटीन. गाय हाय का म्हैस?"

आता काय सांगू याला? गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. आमचा गोठा रिकामा आहे. पेंड मला माझ्या आईसाठी पाहिजे होती.

ऐकून हसू येईल. येऊ दे. पण आमच्या घरात जनावराच्या आधी माणूस जेवत नाही. हे कुणी शिकवलेलं नाही, पाटीवर लिहून ठेवलेलं नाही. दिवेलागणीला जनावरं आत यायची, त्यांना पाणी दाखवायचं, वैरण टाकायची, मग भिजवलेल्या पेंडीचं आंबोण गव्हाणीत ठेवायचं. जनावराचं तोंड चालू झालं की मग घरात तवा चुलीवर चढायचा. पाव्हणा आला तरी तो ओट्यावर बसून राहायचा. माझे वडील गेले त्या दिवशी मातीला गेलेली माणसं परत यायच्या आत आई उठली आणि म्हशीसमोर आंबोण ठेवून आली. बायका कुजबुजल्या. ती म्हणाली, "तिला काय सांगू, आज सुतक हाय, उपाशी ऱ्हा?"

आता ती सगळं विसरली आहे. वडील गेलेले विसरली, धाकट्या भावाचं लग्न झालेलं विसरली, शेवटची म्हैस गेली तेही विसरली. म्हैस कशी गेली ते मी सांगत बसत नाही, सांगून ती परत येणार नाही. पण ही एक गोष्ट तेवढी तिच्या डोक्यातून जात नाही. ताट समोर ठेवलं की ती गोठ्याकडं मान वळवते. "भोरीनं खाल्लं?" भोरी म्हणजे आमची फार जुनी म्हैस. आणि गोठ्यातून काही आवाज येत नाही म्हटल्यावर ताट बाजूला सारते. घास तोंडाशी नेला तर दातखीळ बसल्यासारखे ओठ मिटते. "जनावर उपाशी हाय, आन मी कशी जेवू गं? माणूस हाय का कोण मी?"

किती दिवस झाले असं चाललंय, मोजायचं मी सोडून दिलं. चार घोट पाणी, कधी चमचाभर पेज, तीही ती झोपेच्या गुंगीत असताना. हाताची कातडी अशी सैल झाली आहे की अंघोळ घालताना माझ्याच अंगावर काटा येतो. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू. धाकटा चाकणला कंपनीत आहे, त्यानं सुट्टी टाकली. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो आणि तिला पुण्याला नेतो म्हणाला. त्याचं काय चुकलं? पण मला ठाऊक आहे, ती नळी आई उपसून काढणार. मग ते तिचे हात पलंगाला बांधणार. जन्मभर जिनं जनावरांची दावी सैल बांधली, गळ्याला काचू नयेत म्हणून, तिचे हात बांधणार.

करायचं ते सगळं करून झालं होतं. शेजारच्यांची जर्सी कालवड आणून दावणीला बांधली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दावं सोडून दिलं. "कुणाचं गं हे लेकरू? जा, तुझ्या घरी वाट बघत असत्याल." गोळी पेंड भिजवून दाखवली. तिनं चिमटीत धरून हुंगली आणि घमेलं सरळ उकिरड्यावर उपडं केलं. "माती चारतीस व्हय जनावराला?" त्यानंतर मी हात टेकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "नानाशेठकडनं पेंड आण बाय. चांगली वासाची आण. मग खाईल भोरी." नानाशेठला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण ती काहीतरी मागत होती, आणि मी मंचरला निघाले.

नानाशेठचं दुकान म्हणजे तेव्हा हे एवढं उजेडाचं नव्हतं. आत अंधार, वर कौलं, कौलांतून उन्हाच्या रेघा आणि त्या रेघांत तरंगणारा भुसा. मागच्या बाजूला तेलाचा घाणा चालायचा, त्याची घरघर पायाखालच्या फरशीत लागायची. पेंडीच्या चकत्या गरम असतानाच आणून रचायचे. त्यांचा वास असा की भूक नसली तरी भूक लागावी. त्यात गुळाच्या मळीचा वास, किंतानाच्या पोत्यांचा वास, खड्यामिठाचा ओलसर वास. बाजारच्या दिवशी तळेघरकडची माणसं डोंगरातून उतरून यायची, खांद्यावर घोंगडी, पाठीवर हिरड्याचं गाठोडं. हिरडा विकला की त्यातली काही इथं यायची. बोलायची कमी. पेंडीवर नुसता हात ठेवून उभी राहायची. पावसाळ्यात त्यांच्या भिजल्या घोंगड्यांचा वास पेंडीच्या वासात मिसळला की मला वाटायचं, सगळा डोंगरच दुकानात येऊन बसलाय.

आईची पेंड घ्यायची रीत न्यारीच. ती आधी चकतीचा कोपरा मोडायची. दोन्ही तळव्यांत घासघास घासायची, ऊब येईपर्यंत. मग डोळे मिटून ओंजळ नाकाला लावायची. नानाशेठ तेवढा वेळ बोलायचे नाहीत, दुसऱ्या गिऱ्हाइकालाही बोलू द्यायचे नाहीत. वास पसंत पडला की आई डोक्यावर चुंबळ ठेवायची. पसंत नसला तर पदर झटकून म्हणायची, "शेठ, ही तुमच्या घरच्या गायीला घाला," आणि दुकानभर हसू पिकायचं. नानाशेठसुद्धा हसायचे आणि आतून दुसरी चकती आणायचे. घरी जाताना ती पुढं, मी मागं. डोक्यावरच्या पोत्यातून वास मागं मागं यायचा आणि मी त्यातूनच चालायची. आता लिहिताना वाटतं, तेवढं लांब चालायला मिळालं तर काय पाहिजे ते देईन मी.

पेंड दुपारीच भिजत घालायची. पावसाळ्यात कोमट पाणी घालायची, थंडीत तर चुलीवरचं, हात पोळेल न पोळेल असं. दिवेलागणीपर्यंत ती फुगायची, मऊ व्हायची, मग आई कोपरापर्यंत हात घालून कालवायची. एखादा खडा हाताला लागला तर काढून फेकायची. थंडीच्या दिवसांत घमेल्यातून वाफ निघायची आणि म्हशीच्या नाकातूनही वाफ निघायची. उसात वारा सळसळायचा. आम्ही भावंडं गोठ्याच्या उंबऱ्यावर शेकोटीसाठी भांडत बसायचो. उन्हाळ्यात गोठ्यात शेणाच्या सारवणाचा गारवा असायचा आणि आई भोरीच्या पाठीवर ओलं पोतं टाकायची.

भोरी मोठी मानी. अंगानं तांबूस, एक शिंग खाली वळलेलं. आईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. एकदा आई माहेरी लग्नाला गेली तर हिनं दुधाचा थेंब दिला नाही. शेवटी मी आईचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, आईसारखीच "हूं हूं" करत खाली बसले आणि तिनं पान्हा सोडला. चरवीत धार वाजली तशी मी आनंदानं ओरडलेच, आणि आवाज ऐकून भोरीनं लाथ झाडली. दूध, चरवी आणि मी, तिघंही शेणात. वडील पोट धरून हसले होते. आई परत आल्यावर भोरीला म्हणाली, "लबाडे, फसलीस व्हय माझ्या पोरीला?" तेव्हा गोठ्यात हसायलासुद्धा केवढी माणसं होती.

"ताई, गाय हाय का म्हैस?" मुन्नाशेठनं परत विचारलं.

आणि माझा तोल गेला. "काय बी नाय रे बाबा माझ्याकडं! माझी आई जेवत नाय. ती मरायला टेकलीय. तिला पेंडीचा वास पाहिजे, तुझ्या बापाच्या दुकानातला, आणि तू इथं उदबत्त्या लावून बसलाईस!"

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. भर दुकानात, त्या परदेशी गायींची चित्रं छापलेल्या गोण्यांना धरून मी रडले. एक गिऱ्हाईक दावं बघत होतं, ते दावं तिथंच ठेवून बाहेर गेलं.

मुन्नाशेठ उठला. मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जसं सुचेल तसं, मागचं पुढं. त्यानं चष्मा काढून हातात धरला.

"पसंत नाय पडली तर पदर झटकायच्या त्या काकी?"

मी मान हलवली.

"आमचे नाना घरी येऊन सांगायचे. म्हणायचे, आज परीक्षा घेऊन गेली बाई." त्यानं चष्मा परत नाकावर चढवला. "हायवेला एकानं लाकडी घाणा टाकलाय. पुण्याची लोकं गाड्या थांबवून तेल नेत्यात. त्याची पेंड मी आणतो, घरच्या गायीला. चकती नसती ती, नुसती ढेकळं असत्यात. चालंल?"

"आण."

तो मागच्या खोलीत गेला आणि एका किंतानाच्या पिशवीत ढेकळं घेऊन आला. मी एक घेतलं. तळव्यांत घासलं, घासतच राहिले आणि नाकाला लावलं.

होता. वास होता. तोच, तसाच, जराही कमी नाही. मला एवढं सुख झालं आणि त्याच क्षणी एवढं वाईट वाटलं की श्वास सोडवेना. वास परत मिळतो, मग बाकीचं का मिळत नाही?

"जा ताई लवकर," तो म्हणाला. "भिजायला वेळ लागतो तिला."

घरी आले तेव्हा शेजारीण आईजवळ बसली होती. मी आल्यावर ती गेली. मी कोमट पाण्यात पेंड भिजत घातली आणि बादली आईच्या खाटेशेजारीच ठेवली. तासाभरानं तिच्या नाकपुड्या हलल्या. ती उठून बसली, कुणाचा आधार न घेता. हात कोपरापर्यंत बादलीत घातला आणि कालवायला लागली. त्या वाळक्या हातात कुठून जोर आला देव जाणे. एक खडा लागला, तो काढून तिनं फेकला. "नानाशेठला सांग, चांगली हाय म्हणावं." मी तोंड फिरवून डोळे पुसले. वाटलं, जमलं. आता जेवेल.

दिवेलागणीला आम्ही गोठ्यात गेलो. मागं ऊस, त्यात बिबट्या फिरतो, म्हणून मी कडी लावून घेतली. मी बादलीतलं आंबोण घमेल्यात ओतून गव्हाणीत ठेवलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्या वेळी तिला सावल्यांपुरतंच दिसतं. ती गव्हाणीच्या अलीकडं दगडावर टेकली आणि थांबली.

"खा गं भोरे."

गोठ्यात काही हललं नाही. बाहेर किडे किरकिरायला लागले.

"खा की माझे बाय. चांगली हाय."

"खाती ती, आई," मी म्हणाले. "चल आपण जेवू."

"कुठं खाती? मला ऐकू येत न्हाई व्हय?" तिनं चाचपत हात पुढं केला. घमेलं काठोकाठ भरलेलं. ओली बोटं तिनं स्वतःच्याच लुगड्याला पुसली आणि एकदम खचल्यासारखी खाली बसली. "दुखतंय तिला काहीतरी. तोंड लावीना गं ती. आता मी काय करू?"

तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. लहान मुलीसारखा. सकाळी गाडी येणार होती. गोठ्यात आम्ही दोघीच होतो आणि मधे ते भरलेलं घमेलं.

मी दावणीच्या बाजूला गेले. पदर खोचला. पन्नाशी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुर करतात, तरी त्या गुडघ्यांवर बसले, हात जमिनीवर टेकले. गव्हाणीत मान घातली आणि तोंडभर पेंड घेतली. घशाशी आलं. तरी चावली. जोरात, आवाज होईल अशी चावली. नाकानं फुरफुरले. परत घास घेतला. डोळ्यांतलं पाणी नाकावरून घमेल्यात पडत होतं, पडू दिलं.

आई उठली. तिचा हात गव्हाणीवरून सरकत आला आणि माझ्या कपाळावर थांबला. ती बोटांनी केसांच्या मुळाशी हळूहळू खाजवायला लागली.

"खा. खा माझी लेक. लई वाळलीस गं." मग स्वतःशीच पुटपुटली, "मला बी लई भूक लागलीय."

हात निघून गेला. तिनं चाचपत कडी काढली. उठून धरावं म्हटलं, पण उठले तर सगळंच गेलं असतं. मी कान टवकारून तिची पावलं ऐकत राहिले, चावत राहिले. ओटा चढल्याचा आवाज आला. मग ताटलीचा.

"पोरी!" तिनं घरातून हाक मारली. "कुठं गेलीस गं? खाल्लं भोरीनं. वाढ मला."

तोंड भरलेलं होतं. मी घाईघाईनं गिळलं, आणि ओ दिली.